बसायचं नाही

"वहिनी, तुम्ही बसा," माझा दीर भागवत म्हणाला.

बसलेली तर मी सकाळपासून होते. तहसील कचेरीच्या आवारात चिंचेखाली सिमेंटचा ओटा होता, त्यावर. पण भागवत म्हणत होता ते बसणं वेगळं. आमच्याकडे निवडणुकीतून माघार घेण्याला बसणं म्हणतात. अमका बसला, तमक्याला बसवलं. फॉर्म भरला की माणूस उभा राहतो, आणि त्याला बसवणारे घरी यायला लागतात.

त्या दिवशी मी घरी नव्हतेच. विधानसभेच्या माघारीचा शेवटचा दिवस, मुदत दुपारी तीनपर्यंत. असल्या दिवशी अपक्ष उमेदवार गायब होतात. कुणी हैदराबादला जातं, कुणी पाहुण्याच्या मळ्यात पडून राहतं. मलाही सगळ्यांनी तेच सुचवलं. पण मी लपले असते तर दुपारपर्यंत गावोगाव निरोप गेला असता, की अनुसया पौळ बसली, तिचं ठरलं. म्हणून कचेरी उघडायच्या आधीच मी येऊन सगळ्यांना दिसेल अशा जागी बसले. ज्याला बघायचं त्यानं बघावं.

सोबत केवळबाई होती. आमच्याच गावची, म्हातारी, पण आवाज असा की दोन वावरं पलीकडचा बैल थांबेल. तिनं भाकरी बांधून आणल्या होत्या आणि पाण्याची कळशी.

"माझं ऐका वहिनी," भागवत खाली बघत म्हणाला. "सकाळी कारखान्यावर गेलो तर गेटवरच अडवलं. म्हणले, आधी वहिनीला समजावून ये, मग कामावर ये."

"कोण म्हणलं?"

"नाव घेऊ नको म्हणलेत."

"मग तू समजावलंस आणि मी ऐकून घेतलं. जा, तसं सांग."

"आन् तरी कामावर घेतलं नाही तर?"

भागवतचा संसार त्या नोकरीवर होता आणि माझंही घर त्याच्यामुळं चालत होतं. मग केवळबाई म्हणाली, "नाही घेतलं तर घरी ये. वावरात बायका एकट्याच खपायल्यात, त्यांला मदत होईल."

भागवत हसला नाही. वळून वळून बघत गेला.

कारखाना आबासाहेब तौरांचा. कॉलेज त्यांचं, बँक त्यांची, आणि तीस वर्षं आमदारकीही त्यांचीच. माझे मालक दिगंबरराव त्यांचे कार्यकर्ते. आबांच्या सभेहून परतताना जीप उलटली आणि ते गेले. मी तेव्हा तिशीही गाठली नव्हती. दारात पहिले आले ते आबा. तेराव्याला मला समोर बसवून म्हणाले, "लेकी, रडून काय होत नाही. तुला जिल्हा परिषदेला उभी करतो." आणि केली. मी दोनदा निवडून आले, महिला-बालकल्याणची सभापती झाले. सुरुवातीला सभेत पाय लटपटायचे. पुढं पुढं अधिकारीच माझ्या सभेला फायली वाचून यायला लागले.

आदल्या वर्षी महिला मेळाव्यात आबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून जाहीर केलं, "माझं आता वय झालं. पुढची आमदार ही." बायकांनी किती वेळ टाळ्या वाजवल्या. मग निवडणूक लागली आणि तिकीट आलं ते आबांच्या मुलाच्या, रणधीरच्या नावानं. मला कुणी सांगितलंही नाही. पेपरात वाचलं. त्याच दुपारी केवळबाई पंधरावीस बायका घेऊन माझ्या अंगणात आली आणि म्हणाली, "आम्ही टाळ्या वाजवल्या त्या काय फुकट होत्या?"

दुसऱ्या दिवशी मी अपक्ष म्हणून फॉर्म भरला.

भागवत गेल्यावर तासाभरानं आबा स्वतः आले. आवारातले वकील, दस्त लिहिणारे, कामाला आलेले शेतकरी, सगळे उठून उभे राहिले. मीही उठले, पाया पडले. आबा ओट्यावर माझ्या शेजारी बसले.

"जेवलीस का?"

"भाकरी खाल्ली आबा."

"सगळा तालुका बघायला. माझी लेक म्हणवणारी बाई अशी ओट्यावर बसलेली शोभत नाही. चल, विश्रामगृहात बसून बोलू."

"इथंच बोला की."

"मला भितीस का?"

"तुम्हाला नाही. बाहेरून कडी लावणाऱ्यांना भिते."

आबांनी ते नाकारलं नाही. मागच्या निवडणुकीत एका उमेदवाराला त्याच विश्रामगृहात चहाला नेलं होतं, आणि माघारीच्या कागदावर सही करेपर्यंत त्याचा चहा संपला नव्हता. तेव्हा मीही आबांच्याच बाजूला होते, म्हणून मला ते माहीत होतं.

"दिगंबर गेला तेव्हा तुझ्या दारात पहिलं कोण आलं?" आबांनी विचारलं.

"तुम्ही."

"जिल्हा परिषद कुणी दिली?"

"तुम्ही."

"सभापती कुणी केली?"

"तुम्हीच केली आबा. म्हणून तर आमदारकीही तुम्हालाच मागितली. दुसऱ्या कुणाच्या दारात गेले नाही."

आबा आवाज खाली घेऊन म्हणाले, "तुला महामंडळ देतो. लाल दिव्याची गाडी मिळंल."

"कुठलं महामंडळ?"

"कुठलंही. बघू की."

"ज्या खुर्चीचं काम काय ते देणाऱ्यालाही माहीत नाही, ती मला नको."

"हे बघ," आबा आता लेक म्हणत नव्हते. "तू राहिलीस तर मतं फुटतील. रणधीर पडंल, तूही पडशील आन् तिसराच येईल. येऊ द्यायचा का?"

"तुम्ही भर सभेत शब्द दिला, आबा. मला एकटीला नाही, त्या मांडवातल्या सगळ्या बायकांना. त्या मला विचारायल्यात. त्यांना काय सांगू?"

"सांग, आबाचा शब्द होता, आबानं माघारी घेतला."

"ते तुम्ही सांगा. तसाच मांडव घाला, त्याच बायका बोलवा, माईकवरून सांगा. तुम्ही होय म्हणा, मी आत्ता उठते आणि सही करते."

मला वाटतं, खरंच क्षणभर आबांनी तो मांडव डोळ्यांपुढं आणून बघितला. मग हातातली काठी टेकत उठले.

"तुला मी मोठी केली," ते म्हणाले. "बारीक करायलाही मला वेळ लागत नाही."

ते गाडीत बसेपर्यंत मी उभी राहिले. गाडी फाटकाबाहेर गेल्यावर पुन्हा ओट्यावर बसले. केवळबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

त्यानंतर आवारातलं चित्र पालटलं. बघायला थांबलेली माणसं एकेक करून निघाली. फाटकावरचा पोलीस चहाला गेला तो आलाच नाही. दोन जीपा आत आल्या. पांढऱ्या कपड्यांतली पोरं उतरली आणि चिंचेभोवती अशी उभी राहिली, जणू सावलीलाच आली आहेत. शेवटी रणधीर उतरला. तो कॉलेजात असल्यापासून मी त्याला बघत होते. वागायला तो वाईट नव्हता. त्याला कधी काही मागावंच लागलं नव्हतं, एवढंच.

"ताई, चला," तो म्हणाला. "विश्रामगृहावर मुंबईचे पाहुणे आलेत. तुमच्याशीच बोलायचंय म्हणतात. पाच मिनिटं."

"त्यांना इथं आण. ओटा मोठा आहे."

"ताई, मी हात जोडून सांगायलो."

"हात जोडलेस, ते बरं केलंस. पण मी इथून हलत नाही."

त्यानं मागं बघून मान हलवली. जीपमधून दोन धिप्पाड बायका उतरल्या. मी ओळखलं. पुरुषानं उमेदवार बाईला हात लावला तर बोंब होते, म्हणून दंड धरायला बायका आणल्या होत्या. चक्कर आली, दवाखान्यात नेलं, म्हणायचं. केवळबाई कळशी उचलून माझ्यापुढं उभी राहिली.

"या," ती त्या दोघींना म्हणाली. "आधी कुणाच्या डोक्यात घालू?"

त्या दोघी थबकल्या, पण पोरं पुढं सरकली. मी ओट्याची कड दोन्ही हातांनी धरून ठेवली. खोटं कशाला सांगू, त्या वेळी मला वाटलं, उचलतात आता.

तेवढ्यात आबांच्या घरची पांढरी अँबेसेडर आत आली आणि तिच्यातून माई उतरल्या.

माई म्हणजे आबांच्या पत्नी, रणधीरची आई. तीस वर्षांत त्यांना कुणी प्रचारात पाहिलं नव्हतं. नऊवारी, डोक्यावर पदर, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दिसायच्या तेवढ्याच. हातात ताट होतं, ताटात खण, नारळ, तांदूळ; एरवी विधवेची ओटी आमच्याकडं कुणी भरत नाही. पोरांनी आपोआप वाट दिली. रणधीरचा चेहरा उजळला.

"आई, तूच सांग यांना. तुझं ऐकतील त्या."

"तू लांब जा," माई म्हणाल्या. "ह्या पोरांनाही घेऊन जा. बायकांचं बोलणं आहे."

रणधीर सगळ्यांना घेऊन जीपपाशी गेला. माई माझ्या शेजारी बसल्या. ताट बाजूला ठेवलं आणि माझा हात हातात घेतला. आबांपुढं मी टिकले होते. पण या बाईनं माझ्या मालकांच्या मागं माझ्या लेकराचं बारसं स्वतःच्या घरी केलं होतं. तिनं पदर पसरला असता तर माझं काय झालं असतं, मला आजही सांगता येत नाही.

"मला निरोप देऊन पाठवलंय," माई म्हणाल्या. "ओटी भर, पाया पड, रड, काय करायचं ते कर, पण बसव म्हणाले."

"आणि?"

"आणि काय. निरोप सांगितला. आता पाणी दे."

केवळबाईनं तांब्या दिला. माई सावकाश पाणी प्यायल्या. मला वाटलं, आता उठतील. त्या उठल्या नाहीत. माझा हातही सोडला नाही. जीपपाशी पोरं घड्याळं बघत होती. रणधीरनं लांबूनच खूण केली, काय झालं म्हणून. माईंनी तळवा दाखवला, थांब.

"माई, तुम्ही घरी जा," मी म्हणाले. "उगाच तुम्हाला ऊन लागायचं."

"सावली आहे की."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माई माझा हात धरून बसल्या होत्या तोवर त्या आवारात मला कुणी बोट लावणार नव्हतं. हे त्यांना कळत होतं. त्या तेवढ्यासाठीच बसल्या होत्या.

"का माई?" मी विचारलं.

माई कचेरीच्या दाराकडं बघत होत्या.

"मी इथं एकदा आलेली आहे," त्या म्हणाल्या. "तू तेव्हा शाळेतही नसशील. माझे वडील निजामाच्या तुरुंगात होते, त्यांच्या नावावर पक्षानं तिकीट दिलं होतं. यांना नाही. मला."

तालुक्यात हे कुणी बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"फॉर्म माझा होता. यांनी नुसता डमी भरलेला, अडीअडचणीला असावा म्हणून. मी गावं फिरले. बैलगाडीवर उभं राहून बोलले. मला चांगलं बोलता यायचं गं. लोक ऐकायचे. माघारीच्या दिवशी मोटारीतून इथं आणलं. सासरे, दीर, हे, सगळे सोबत. म्हणाले, पोर अंगावर पितंय, तुला फिरणं कसं झेपंल, नवऱ्याला उभा राहू दे, घरातच आहे ना. पोर मांडीवर होतं. कुणीतरी ते उचलून घेतलं आणि माझ्या हातात पेन दिलं."

"ते पोर म्हणजे..."

"हाच की," माई म्हणाल्या. जीपला टेकून रणधीर पुन्हा घड्याळ बघत होता.

आम्ही तिघी तशाच बसून राहिलो. तिनाला थोडाच वेळ उरला तेव्हा रणधीरला राहवलं नाही. तो तडक आला, मागून पोरं.

"आई, वेळ संपायला. काय म्हणाल्या त्या?"

"ती बसत नाही."

"मग तू ऊठ. आम्ही बघतो."

"मीही उठत नाही."

"आई, लोक बघायलेत."

"बघू दे."

"तुला काय झालंय? मी मुलगा आहे तुझा."

"म्हणून तर," माई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकदम मोकळा झाला. ओरडल्या नाहीत, पण कचेरीतले कारकून खिडकीत आले, फाटकाबाहेरची माणसं आत वळली. "तुझ्यासाठी मी एकदा बसले. आता हिनं बसायचं. उद्या आणखी कुणी. एका पोरासाठी किती बायकांनी बसायचं रे?"

रणधीरनं त्यांचा दंड धरायला हात पुढं केला. मग आवारात कोण कोण बघतंय ते त्याला दिसलं असावं. हात खाली आला. मागची पोरं त्याच्या तोंडाकडं बघत होती आणि तो आईच्या.

व्हरांड्यात शिपाई आला आणि मोठ्यानं म्हणाला, "माघारीची वेळ संपली."

रणधीर जीपमध्ये बसला. जाताना त्यानं ड्रायव्हरला सांगून अँबेसेडरही सोबत नेली. गाडी फाटकाबाहेर गेलेली माईंनी बघितली.

"माई, आज माझ्याकडं चला," मी म्हणाले. "घरी काय होईल सांगता येत नाही."

"का? घर माझं आहे. माझ्या वडलांनी बांधून दिलंय. ज्याला राग आला असंल त्यानं जावं."

त्या चालत निघाल्या. बाजारपेठेतून, भर दुपारी, डोक्यावर पदर घेऊन. एका बाजूला मी, एका बाजूला कळशी घेतलेली केवळबाई. आमच्या आधीच बातमी पोचली असावी. दुकानदार उठून उभे राहत होते. भांड्यांच्या दुकानातल्या दोन बायका पायरी उतरून खाली आल्या आणि आमच्या मागून चालायला लागल्या. पुढं आणखी काही आल्या.

आबा ओसरीवर खुर्चीत बसले होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही.

"तीन वाजून गेले," माई त्यांना म्हणाल्या. "चहा घेता का?"

माई उंबऱ्यात वळल्या आणि मला म्हणाल्या, "तू कशाला थांबलीस? तुला गावं फिरायचीत."

ती निवडणूक मी हरले. रणधीरही हरला. आबा म्हणाले होते तसा तिसराच आला. तालुक्यात कितीतरी दिवस माझ्या नावानं बोटं मोडली गेली. भागवतची नोकरी गेली ती गेलीच. दोन वर्षं तो माझ्याशी नीट बोलला नाही, पण वावर त्यानंच सांभाळलं. आबांनी शब्द खरा करायचा म्हणून पुढच्या जिल्हा परिषदेला मला पाडलं. त्याच्या पुढची विधानसभा मात्र मी जिंकले, आणि नंतरचीही. माई कधीही माझ्या प्रचाराला आल्या नाहीत. आम्ही दोघी पुन्हा त्या दिवसाबद्दल बोललो, असंही झालं नाही.

पण त्या पहिल्या मोजणीच्या दिवसाचं सांगायचं राहिलं. मतयंत्रामुळं केंद्रवार आकडे कळत होते. आबांच्या गल्लीतलं केंद्र लागलं तेव्हा माझा प्रतिनिधी उठून बाहेर निघाला होता. तिथं आपल्याला भोपळा, हे सगळ्यांनी धरलेलं. आकडा वाचला तेव्हा अधिकाऱ्यानं तो दोनदा तपासला. माझी मतं शंभरावर होती. माईंचं एक धरलं तरी बाकीची कुणाची, हे मला कुणी सांगेना.

माई गेल्या तेव्हा मी आमदार होते. भेटायला गेले. रणधीर बाहेर ओसरीवर पुरुषांत बसला होता. आत त्याची बायको शर्वरी माझ्याजवळ येऊन बसली. बोलता बोलता तिनं त्या मोजणीच्या संध्याकाळचं सांगितलं. आबा हातात आकड्यांचा कागद घेऊन घरात आले होते. सगळ्यांना समोर बोलावून त्यांनी विचारलं, आपल्या गल्लीतल्या कुठल्या बायकांनी हे केलं. माई भाजी निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "मतदान गुप्त असतं. भाषणात तुम्हीच सांगता."

मला हसू आलं आणि डोळेही भरले.

"आणि शर्वरी, तू?" मी विचारलं.

तिनं दारातून बाहेर, नवऱ्याच्या पाठीकडं पाहिलं. मग पदर सारखा केला.

"मतदान गुप्त असतं, ताई," ती म्हणाली.